पहाटेची किटली

जून महिन्यात, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, उंच पठारावरच्या एल आल्तो शहरात पहाटे नळातलं पाणी दगड होतं आणि जुन्या गाड्या रडायला लागतात, यात नवल काही नव्हतं. नवल हे होतं की बायकोने चार हाका मारल्याशिवाय घोंगडीबाहेर पाय न काढणारा सेनोन या थंडीत कोंबड्याच्या आधी उठून किटली चढवू लागला होता.

किटली चहाची नव्हती, शेजारच्या एर्लिंदाच्या टॅक्सीची होती. उकळतं पाणी घेऊन तो लगबगीने पलीकडे जायचा, बॉनेट उघडायचा, कार्बोरेटरखालच्या नळीवर पाणी ओतायचा आणि एर्लिंदाला म्हणायचा, मार सेल्फ. बासिलिया खिडकीच्या काचेवरचा बर्फ नखाने खरवडून बघत राहायची. तिच्या अंगाचा रोज तिळपापड व्हायचा. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्यासाठी पहाटे किटली चढवल्याचं तिला आठवत नव्हतं.

एर्लिंदाचा नवरा मार्सियानो वारला तेव्हा मागे ही पांढरी टॅक्सी तेवढी उरली. ती घेतली तेव्हा पाद्रीबाबाने तिच्यावर पाणी शिंपडलं आणि इकडच्या रीतीप्रमाणे तिला धर्ममायबाप नेमले गेले, ते सेनोन आणि बासिलिया. त्यामुळे सेनोनकडे कारण तयार होतं.

"गाडी माझी लेक लागते. तिला थंडीत टाकू का?"

"मग मलाही दाखव की. मी आई लागते तिची," बासिलिया म्हणाली.

"थंडीचं आहे सगळं. त्यात बघण्यासारखं काही नाही."

हेच तिला खटकलं. त्यांच्या गॅरेजात ब्रेक, स्प्रिंगा, वेल्डिंग हे सेनोनचं काम, आणि इंजिनाचा कान बासिलियाचा. दहा गल्ल्यांपलीकडून लोक गाडी आणत आणि म्हणत, ताईंना जरा ऐकू दे. अडलेलं इंजिन सेनोन आजवर तिला विचारल्याशिवाय उघडत नसे. आणि आता लेकीचं दुखणं आईपासून लपवत होता. काखेत कळसा होता आणि गडी मुद्दाम गावाला वळसा घालत होता.

तिचा स्वतःचा पिकअप एर्लिंदाच्या टॅक्सीहून म्हातारा. पण रात्री ती इंजिनावर घोंगडं घालायची, रेडिएटरचं पाणी काढून ठेवायची, प्लग दर पंधरवड्याला घासायची. पहाटे चुन्योची, म्हणजे गोठवून सुकवलेल्या बटाट्यांची, पोती लादून बाजाराला निघाली की पहिल्या झटक्यात गाडी चालू. सेनोन आत घोरत असायचा. ज्या बाईची गाडी कधी अडत नाही, तिच्यासाठी कोण कशाला उठेल?

खिडकीत उभं राहून जळता जळता तिचे कान मात्र आपलं काम करत होते. नुसत्या थंडीने अडलेली गाडी एकदा धरली की धरली. ही धरल्यावरही लंगडायची. तीन ठोके बरोबर, चौथा गायब. गल्लीच्या टोकापर्यंत मिसिंग करत जायची आणि इंजिन तापलं की आपोआप शहाणी व्हायची. याचा अर्थ कुठेतरी ओल होती, तापल्यावर सुकणारी. गरम पाणी ओतून ती जाणार नव्हती. हे सेनोनला कळत नाही, असं मानायला बासिलिया तयार नव्हती.

रविवारी सेनोन मेकॅनिकांच्या संघटनेच्या बैठकीला गेला, तशी ती पाना-पकड घेऊन एर्लिंदाच्या दारात उभी राहिली. मनात टोमणा घोळवून ठेवला होता. एर्लिंदाने दार उघडलं ते मेलेल्या नवऱ्याच्या जाकिटात, फुटलेल्या ओठांनी. ओठांवर लाली आहे का ते बासिलियाने आधी बघितलं. नव्हती. लाली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. रागाला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"बरं झालं आलात, ताई," एर्लिंदा म्हणाली आणि मक्याच्या गरम आपीचा पेला तिच्या हातात दिला. रोज उशीर होतो, टॅक्सीच्या रांगेतला नंबर जातो, ड्रायव्हर लोक हसतात, असं ती सांगत राहिली. तुम्हालाच बोलवायचं होतं, पण सेनोनभाऊ म्हणाले ताईंना वेळ नसतो.

बासिलियाने पेला खाली ठेवला. गाडी कशीबशी सुरू करून घेतली आणि प्लगच्या वायरी एकेक करून उपसल्या. पहिली काढली, इंजिन आणखी लंगडलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली तर इंजिनाला पत्ताच नाही. तोच सिलिंडर बसलेला होता. त्याचा प्लग खोलला तर पेट्रोलने ओलाचिंब. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, ठिणगी पोचत नव्हती. मग तिने इंजिन बंद करून डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उचललं. आत बोट लावलं तर चिकट लागलं. झाकणाच्या आतून मुंग्यांच्या वाटेसारखी तपकिरी रेघ गेली होती. ठिणगी प्लगकडे न जाता त्या रेघेने पळत होती. बासिलियाने बोट नाकाशी नेलं. वास बिअरचा होता.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, बिअर पाजायची आणि गाडीवरही शिंपडून तिची चाल्या, म्हणजे पूजा, करायची, हे कोण करत नाही? पण ती चाकांवर ओततात, फार तर बंद बॉनेटवर.

"तू इंजिनात बिअर ओततेस?"

"मी नाही ओतत, ताई. चाल्या भाऊच करतात, धर्मबाप ना ते. थंडी लागल्यापासून बॉनेट उघडून ओततात. म्हणतात, मार्सियानो नुसता बाहेरून शिंपडायचा, म्हणून धरणीमातेला पोचत नव्हतं." ती घाबरली. "का हो, चुकलं का काही?"

बासिलियाने झाकण पुन्हा उजेडाला धरलं. आजवर तिचा सगळा संशय या बाईवर होता. इथे कुंपणच शेत खात होतं. तीस वर्षं गाड्यांत हात घातलेला माणूस स्वतःच्या हाताने गाडी बिघडवत होता, रोज पहाटे ती चालू करायला मिळावी म्हणून. तिला जे वाटलं ते रागापेक्षा कडू होतं. आपल्यासाठी त्याला इतकं उठावंसं कधी वाटलं नाही.

"पाचामामा जमिनीत असते, बाई. डिस्ट्रिब्यूटरमध्ये नसते," ती म्हणाली. "चाकांवर ओत. आणि बॉनेटला कुणाला हात लावू देऊ नकोस." तिने झाकण पेट्रोलने पुसलं, रेघ खरवडून काढली, प्लग सुकवून बसवला.

सोमवारी पहाटे सेनोन किटली घेऊन दाराबाहेर पडतो न पडतो तोच टॅक्सी पहिल्या झटक्यात चालू झाली. चारही ठोके बरोबर. एर्लिंदा आनंदाने हात हलवून निघून गेली. सेनोन रस्त्यात उभा राहिला, किटलीतून वाफ येत होती. मग तो परत आला आणि त्याने भरलेली किटली चुलीवर ठेवली.

"सुरू झाली तिची," तो म्हणाला.

"हो," बासिलिया म्हणाली. आपण जिंकलो असं तिला वाटायला हवं होतं. पण नवऱ्याचं ते पडलेलं तोंड तिने पाहिलं आणि ती पुन्हा नव्याने जळली. सेनोनला तिने काहीच विचारलं नाही. पुढच्या पहाटेपासून तो पुन्हा घोरू लागला.

जुलैचा पहिला शुक्रवार आला. संध्याकाळी अंगणात निखाऱ्यांवर धूप टाकून झाला, सगळ्या चाकांवर बिअर शिंपडून झाली, सेनोन आत गेला. बाटलीत थोडी उरली होती. बासिलियाने आपल्या पिकअपचं बॉनेट उघडलं. जे इंजिन तिने लेकरासारखं कोरडं ठेवलं होतं, त्याच्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उचललं आणि उरलेली सगळी बिअर आत ओतली. मग झाकण बसवलं आणि घोंगडं न घालताच आत गेली.

पहाटे पोती लादून तिने सेल्फ मारला. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा मारला. आयुष्यात पहिल्यांदा तिची गाडी गल्लीभर रडत होती आणि तिला लाज वाटत होती. खिडकी अंधारीच होती. तिने पुन्हा सेल्फ मारला. आता बॅटरीचाही आवाज बसू लागला. आणखी एकदाच, तिने ठरवलं, मग स्वतःच उतरून पुसायचं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात दिवा लागला.

सेनोन बाहेर आला तेव्हा किटलीतून वाफ निघत होती आणि त्याच्या पायात बूट उलटे होते. त्याने बॉनेट उघडलं, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याला वास आला असणार. मग त्याने किटली खाली ठेवली, डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि डिस्ट्रिब्यूटरचं झाकण त्या टोपीने हळूहळू पुसू लागला. थंडीत त्याचे कान लाल झाले.

"तुझ्या गाडीला असं कधी होत नाही," तो मान वर न करता म्हणाला.

"आता होतंय."

त्याने झाकण बसवलं. "उद्याही होईल?"

बासिलियाने काच खाली केली आणि किल्लीवर हात ठेवला.

"थंडी आहे तोवर रोज होईल," ती म्हणाली.