येळवशीला उपटलेले तुरे

माझी सून भाग्यलक्ष्मी मक्याची लग्नं लावते म्हणून सगळं मुडबी गाव हसायचं. शेतकी कॉलेजात शिकलेली पोरगी ती. एका मक्याच्या तुऱ्यातला पराग कागदी पिशवीत धरायची आणि दुसऱ्याच्या कणसाच्या केसांवर झटकायची. शेजारचा बंडेप्पा मला म्हणायचा, "राजूअक्का, सुनेला दुसरं काम न्हाई का?"

"हाय की. तुझा मका दरसाल बोडका कामून राहतोय, तेच शोधायलीय."

खोटं नव्हतं. आमचा गावरान मका कणसाला दांडगा, पण लई सावकाश. पाऊस दडी मारतो नेमका तेव्हाच केसावर येतो. केस वाळतात, दाणा भरत नाही. सुनेनं आणलेला दुसरा मका लवकर येणारा, उन्हाला न भिणारा, पण कणीस माझ्या अंगठ्याएवढं. दोघांचं लेकरू लवकरही यावं आणि भरदारही, ह्यासाठी ती कैक हंगाम झिजली. वाफ्यात जमलं. मग रब्बीत एकरभर रान धरलं, गावाला पुरेल एवढं बी करायला. चार ओळी आईच्या, दोन बापाच्या. आईच्या ओळींतले तुरे उमलायच्या आत उपटायचे. नाहीतर ती आपल्याच परागानं भरते आणि सगळं बी वाया.

थंडीच्या दिवसांत ऊन तापलं आणि तुरे एकदम वर आले. तेही येळवशीच्या सकाळी! त्या अमावस्येला अख्खा गाव रानात असतो. कडब्याच्या कोपीपुढं पूजा, मग पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. पण पिकाला कोणी हात लावत नाही. काळी आई गर्भार असते, तिचे डोहाळे पुरवायचे असतात.

सून आणि माझा लेक शिवशंकर दोघंच ओळीत शिरले होते. सून ओळीतूनच ओरडली. "आत्या, उद्या पराग उडतोय. आमच्या दोघांनी न्हाई उरकायचं."

मी पदर खोचला आणि बायका जेवायला बसल्या होत्या तिथं गेले. "उठा गं, तुरे काढायचेत."

बंडेप्पाची बायको चंद्रम्मा दचकली. "आज? पिकाचं डोकं खुडायचं? पाप लागंल, अक्का!"

"डोकं कुठं खुडायलोय? डोहाळजेवणाला आलीस, भज्जी चापलीस, आता पोरीची वेणीफणी कोण करायचं? तुझा नवरा?"

पद्माबाई खो खो हसली आणि आधी तीच उठली. मग एकेक करून सगळ्या. चंद्रम्मानं काळ्या आईला हात जोडले, नि अशी काही उतरली की चार जणींच्या पुढं गेली.

बांधावरून बंडेप्पा ओरडला, "सण बाटवला की गं!"

"तोंडातला उंडा आधी गिळ, मग बोल!"

दिवस मावळायच्या आत आईच्या ओळींत एक तुरा उरला नाही.

बी झालं. तुरे काढलेल्या घरांना आम्ही आधी वाटलं. चंद्रम्माच्या वाट्याचं बंडेप्पानं कोंबड्यांना टाकलं.

पुढच्या पावसाळ्यात पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. बंडेप्पाचा मका तेव्हा कुठं केसावर येत होता. आमचं दाणं तोवर दुधात आलं होतं. काढणीला आमची कणसं शेंड्यापर्यंत गच्च. पद्माबाईच्या रानात तीच गत. बंडेप्पाच्या कणसावर दाणे म्हाताऱ्याच्या दातांसारखे, इथं एक, तिथं एक.

आला मग. आमच्या अंगणातलं कणीस हातात फिरवत म्हणाला, "अक्का, ह्यातलंच पसाभर द्या. पेरतो."

"न्हाई अण्णा," सून म्हणाली, "हे पेरलं तर लेकरं कुणी आईवर, कुणी बापावर जातील. एकसारखं यायचं न्हाई. दरसाल नवं बी करावं लागतंय."

"म्हंजी दरसाल तुझ्याच दारात यायचं?"

"व्हय," मी म्हणाले. "चपला काढून."

त्यानं खरंच चपला काढल्या. कणीस खाली ठेवलं आणि सुनेकडं बघून म्हणाला, "ताई, औंदाचं बी मला कवा द्यायलीस?"

सून हसली. मी नाही हसले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मागं बस, बंडेप्पा. राजेश्वर गावचे लोक बियासाठी सकाळपासून थांबलेत."