लेम्पीच्या घरचं गरम पाणी

रेइनो हार्यू गेला तो मे महिन्यात, तळ्यावरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात. त्यामुळे घरामागची सांडपाण्याची टाकी हिवाळ्यासाठी निजवायचं काम पहिल्यांदाच त्याच्या बायकोवर, लेम्पीवर येऊन पडलं. ‘निजवायचं’ हा रेइनोचाच शब्द. उन्हाळा सरायला लागला की टाकीवरचं, आणि तिच्यापुढे पाणी जमिनीत मुरतं त्या पट्टीवरचं गवत तो कापायचं बंद करायचा. वाढलेलं गवत बर्फ धरून ठेवतं, आणि भुसभुशीत बर्फासारखं ऊबदार पांघरूण दुसरं नाही. मग त्यावर गुडघाभर वाळलं गवत अंथरायचं आणि कडेने काठ्या रोवून त्यांना लाल फडकी बांधायची, म्हणजे चुकून कोणी वरून गाडी नेणार नाही. बर्फ दाबला गेला की गोठण, म्हणजे जमीन गोठवणारी थंडी, सरळ खाली उतरते, आणि आमच्या मिनेसोटाच्या उत्तर टोकाला ती एकदा उतरली की वसंतापर्यंत हलत नाही.

लेम्पीने हे सगळं बघून ठेवलं होतं, पण गवताचे भारे काही तिला उचलेनात. म्हणून तिने रस्त्यापलीकडच्या आर्विद सालोला हाक मारली. आर्विद तिच्या शाळेतला. जन्मभर लाकूडतोडीच्या तळांवर राहिला, लग्न केलं नाही, आणि आता एका खोलीच्या घरात हातपंप, मागच्या बाजूचा संडास आणि स्वतः बांधलेला सौना एवढ्यावर सुखात होता. दर शनिवारी सौन्याच्या चुलीवरचे दगड तापवून वाफेत बसायचं, ही त्याची अंघोळ.

दोघांनी मिळून गवत पसरलं. काम संपल्यावर पायरीवर बसून कॉफी पिताना लेम्पीने खरी अडचण सांगितली. मुलगी अ‍ॅरिझोनात होती, तिला डिसेंबरात दुसरं मूल होणार होतं, आणि आईने हिवाळाभर तिथेच राहावं असा तिचा हट्ट होता. घर बंद राहिलं तर टाकीत गरम पाणी जाणार नाही, आणि वरून कितीही गवत घातलं तरी आतून ऊब नसेल तर टाकी गोठणार. सगळे नळ रिकामे करून, घर तापवणारी भट्टी विझवून घर थंड ठेवता आलं असतं. बरेच लोक तसं करतात. पण रेइनोचं घर विझवायला तिचं मन धजत नव्हतं.

“तू एक दिवसाआड ये,” ती म्हणाली. “टब भरून गरम पाण्याने अंघोळ कर आणि पाणी सोडून दे. एवढंच.”

“टबात?” आर्विदने कप खाली ठेवला. “अगं, स्वतःच्याच रश्श्यात बसून राहायचं? बटाट्यासारखं?”

“मग बटाट्यासारखा बस. पण ये.”

नोव्हेंबरात ती गेली. आर्विद येऊ लागला, पण सुरुवातीला तो टब भरायचा, टोपी हातात धरून शेजारी उभा राहायचा, आणि भरला की बूच काढायचा. रविवारी लेम्पीचा फोन आला. अंघोळ केलीस का, तिने विचारलं. पाणी सोडलं, तो म्हणाला. मी पाण्याचं विचारलं नाही, ती म्हणाली. आमच्या विहिरीचं एवढं पाणी तापवून नुसतंच ओतून द्यायला तू कोण लागून गेलास?

मग तो एकदाचा उतरला. आधी एक पाय, मग दुसरा, आणि मग पाण्यात बसून काय करायचं ते न कळल्यामुळे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून शाळेत बसल्यासारखा बसला. सौन्यात घाम गाळायचा असतो, पाठीवर फांद्या मारून घ्यायच्या असतात, मग बाहेर बर्फात धावायचं असतं. इथे काहीच करायचं नव्हतं. हळूहळू पाठ मागे टेकली. कान पाण्याखाली गेले. भट्टीची घरघर दूर गेली आणि तिच्या जागी एक मंद, जाडसर आवाज आला. तो आपल्याच छातीतला आहे हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

टबाशेजारी एक बुटकी खिडकी होती. बाहेर ती पट्टी दिसायची, लाल फडक्यांच्या मधली. बर्फ पडत असायचा आणि वाफेमुळे काच अशी धूसर व्हायची की आतलं पांढरं कुठलं आणि बाहेरचं कुठलं ते कळू नये. आर्विदला तिथे जुनी माणसं दिसायची. आई दिसायची, पिठाचे हात झटकत. नदीतून लाकडं सोडायचे तेव्हाचे ओंडके दिसायचे, एकमेकांना खेटून निघालेले, आणि त्यांच्यावरून अनवाणी चालणारा रेइनो, वीस वर्षांचा. बूच काढलं की आर्विद लगेच उठत नसे. पाण्याबरोबर आपणही निघालोय असं त्याला वाटायचं: नळीतून, अंगणाखालून, टाकीच्या अंधारातून त्या पट्टीत, वाळूत, आणि आणखी खाली, जिथे थंडी पोचलेलीच नाही. मग टब रिकामा व्हायचा आणि थंड लोखंडाला पाठ लागून तो जागा व्हायचा.

जानेवारीत पट्टीवर हरणं येऊन झोपू लागली. खालची ऊब त्यांना कळली असावी. पाय दुमडून गवतात बसायची, अंगावर बर्फ साचला तरी हलायची नाहीत. आर्विद पाण्यातून त्यांच्याकडे बघायचा, ती त्याच्याकडे. फोनवर त्याने सांगितलं तेव्हा लेम्पीने हाकलायला सांगितलं. खुरांनी बर्फ तुडवला जाईल, गोठण खाली जाईल. रेइनो थाळी बडवत धावायचा. आर्विद बरं म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने खिडकी जराशी उघडली आणि “उठा गं बायांनो,” एवढंच म्हणाला. एकीने कान हलवला. त्याने खिडकी लावून घेतली.

त्याच महिन्याच्या शेवटी थंडीचा असा कडाका पडला की झाडं तडकल्याचे आवाज यायला लागले. आर्विदने टबाचं बूच काढलं आणि पाणी जागचं हललं नाही. तो अंग न पुसता तसाच उभा राहिला. मग त्याला आठवलं, आज आला तेव्हा नळातून सुतासारखी धार चालूच होती. मागच्या खेपेला अर्धवट झोपेत त्याने नळ नीट पिळला नव्हता. भरलेला टब एकदम सोडला तर पाणी गरमच पोचतं. पण अशी बारीक धार वाटेतच गोठते, थरावर थर बसत जातो. आणि नळी जिथून जात होती तिथेच हरणांनी वाट पाडली होती.

रविवारची वाट न बघता त्याने अ‍ॅरिझोनाला फोन लावला.

“लेम्पी, पाणी जात नाहीये. नळ माझ्याकडून उघडा राहिला. झोप लागली होती.”

“कुठे झोपलास?”

“टबात.”

पलीकडून एक बारीक आवाज आला. आधी त्याला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती, आणि हसणं आवरेना तेव्हा तिने बाळाला दुसऱ्या कोणाकडे दिलं.

मग तिने सांगितलं की मागच्या पायरीजवळ झाकण लावलेली एक उभी नळी आहे, बर्फ उकरून ती शोध आणि तिच्यातून गरम पाणी सोड. नाहीच जमलं तर वाफेचं यंत्र असलेल्या माणसाला शहरातून बोलवावं लागेल. नळाचं पाणी एवढं कढत कुठलं, म्हणून आर्विदने आपला सौना पेटवला, वार शनिवार नसताना. मोठ्या पातेल्यातलं कढत पाणी दुधाच्या कॅनमध्ये भरून घसरगाडीवरून रस्ता ओलांडत तो दिवसभर नेत राहिला. थोडंथोडं ओतायचं, थांबायचं, नळीला कान लावायचा. हरणं झाडीच्या कडेला उभी राहून बघत होती. ऊन तिरपं झालं तेव्हा जमिनीतून एक लांब घोट घेतल्यासारखा आवाज आला, आणि घरात टबातलं गार पाणी गरगरत निघून गेलं. आर्विद बर्फातच खाली बसला.

नंतर त्याने तुडवलेल्या वाटेवर नवं गवत टाकलं, आणि हरणांसाठी स्वतःच्या घरामागे, झाडांच्या आडोशाला, वेगळं अंथरलं. काही गेली. एक म्हातारी हरिणी शेवटपर्यंत लेम्पीच्याच पट्टीवर झोपत राहिली. ती जवळजवळ चालतच नसे, म्हणून आर्विदने तिला राहू दिलं.

एप्रिलमध्ये लेम्पी परत आली, उन्हाने काळवंडलेली, पिशवीत लिंबं घेऊन. तिने घरभर फिरून भिंतींना हात लावून पाहिला. मग दोघांनी दाताळ्याने ओलं गवत ओढून काढलं. खाली हिरवे कोंब वर आले होते. आर्विदने हात धुऊन किल्ली टेबलावर ठेवली आणि आता आपलं काम संपलं असं सांगितलं. ती लिंबं कापत होती.

“बुधवारी येणार ना?”

“आता कशाला? गोठण सरली.”

“टब घासून ठेवलाय मी.”

बुधवारी तो स्वतःचा टॉवेल घेऊन आला. लेम्पी मागच्या पायरीवर बटाटे सोलत बसली होती. खिडकी उघडी होती आणि आतून आर्विद तिला कुठल्याशा नदीकाठच्या तळाचं सांगत होता, तिथल्या स्वयंपाक्याचं, एका लंगड्या घोड्याचं. पाण्याच्या आवाजात तिला निम्मं ऐकू येत नव्हतं. तो थांबला की ती “मग?” म्हणायची, आणि तो पुढे सांगायला लागायचा.