अळवातली वीज

चितेगावच्या त्या गल्लीत काकासाहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लुबनाच्या गच्चीवरचा रेडिओच्या अँटेनाचा पाइप वीज ओढून घेणार, तेव्हा वैशाखात ढग गडगडायच्या आत तो उतरला पाहिजे, असं त्यांनी तिला बजावलं. त्यांची थोरली भावजय मनकर्णाबाई लुबनाच्या भिंतीपलीकडेच राहायची. तिनंही मान डोलावली होती.

लुबनाच्या जिवाला घोर लागला. पिशोरला राहणाऱ्या तिच्या अब्बांना, गयासभाईंना, फोनवरचं आता धड ऐकू येत नसे. जेवलात का विचारलं तर ते पावसाचं सांगत. पण हौशी लोकांच्या हॅम रेडिओवरची मोर्स कोडची टिकटिक त्यांनीच तिला लहानपणी शिकवलेली, ती मात्र त्यांचा कान अचूक टिपायचा. रोज संध्याकाळी बापलेक त्या टिकटिकीत बोलत, भांडतसुद्धा. पाइप उतरला की हे सगळं बंद.

वाळूजच्या कारखान्यात ती विजेच्याच खात्यात होती, त्यामुळे उपाय ठाऊक होता. पाइपापासून तांब्याची जाड पट्टी सरळ जमिनीत न्यायची, म्हणजे वीज पडलीच तर मातीत जाईल. पण तिच्या अंगणात वीतभर मुरूम आणि खाली कोरडा खडक. त्यात वीज मुरायची कशी? ओल होती ती एकाच जागी, मनकर्णाबाईच्या मोरीचं पाणी जिरायचं त्या अळवाच्या वाफ्यात. अडला हरी कुणाचे पाय धरतो, ही म्हण तिथं उच्चारायची सोय नव्हती.

मनकर्णाबाई वड्यांसाठी पानं कापत होती. सगळं ऐकून तिनं विळा खाली ठेवला.

"म्हंजी वीज माझ्या अळवात सोडायची? लई शहाणी हायस."

"काकी, माझ्या गच्चीचं पाणी तुमच्या भिंतीत मुरत व्हतं, तवा भांडताना तुम्ही काय म्हणला व्हता?"

"काय म्हणणार? पाणी वरून येणारच, त्याला वाट करून दे, नायतर घरात शिरंल."

"विजेचंबी तसंच हाय," लुबना म्हणाली. "पाइप उंच हाय, खोटं कशाला बोलू. पण वाट चांगली असली की ती बहुतेक वाटंनंच जाती."

मनकर्णाबाईनं हातातली पानं टोपलीत टाकली. मग तिनं अट घातली: अळवाच्या मुळांना धक्का लागता कामा नये, आणि गयासभाईंना तिचा नमस्कार टिकटिकीत पोचला पाहिजे. लुबनाला इतका आनंद झाला की तिनं तिथंच म्हातारीला मिठी मारली.

रविवारी पट्टी वाफ्याच्या कडेला गाडली, घराच्या अर्थिंगलाही जोडली. ढग गडगडले की वाफ्याकडे फिरकायचं नाही, हे मनकर्णाबाईला बजावून झालं. त्याच आठवड्यात एका रात्री विजांनी आभाळ दणाणून सोडलं. लुबनानं आधीच रेडिओची केबल काढून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब दोन माणसं घेऊन पाइप उतरवायला आले. मनकर्णाबाई अळवाला बादलीनं पाणी घालत होती. वाफा ओला राहायला हवा, हे तिनं आता आपलंच काम मानलं होतं.

"उतरवा की, भावजी," ती म्हणाली. "पण पट्टी माझ्या अळवात रोवलीय. आधी ती उपटा. माझ्या अळवाला हात कोण लावतो, तेवढं मला बघू द्या."

या वाफ्याच्या वड्यांवरच काकासाहेबांचं पोट पोसलं होतं. त्यांनी पाइपाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, आणि माणसांना चहा प्यायला पाठवून दिलं.

संध्याकाळी मनकर्णाबाई रेडिओशेजारी येऊन बसली. लुबनानं नमस्कार पाठवला. पिशोरहून लांबलचक टिकटिक आली.

"काय म्हणत्यात?"

"सलाम सांगितलाय. अन् विचारत्यात, वड्या पिशोरला कधी?"

मनकर्णाबाई विळा घेऊन वाफ्याकडे निघाली.