शेपूट बांधलं का?

मुरुमच्या बाजारात उभं राहून सिद्धारामची जीप कुठली असं विचारलं, तर लोक बोट दाखवत नाहीत. "जी ढकलायला लावतील ती," एवढंच सांगतात. टपावर तीन पायांचा लोखंडी घोडा, आत कप्पी, साखळी, गळ आणि नायलॉनच्या दोराची भेंडोळी. मागच्या दारावर पिवळ्या रंगात लिहिलेलं: 'बोअरमध्ये अडकलेली मोटार हमखास काढून मिळेल. कुठेही येऊ.' यातलं 'कुठेही येऊ' पेंटरनं दारावर जागा उरली म्हणून ठोकून दिलं होतं. सिद्धारामच्या मनातलं कुठेही म्हणजे इकडं अणदूर, तिकडं आळंद. त्याच्या पलीकडं जायला जीपच राजी नव्हती.

हा धंदा त्याला शिकवला महांतप्पांनी. ते त्याचे सख्खे मामा, आणि बायको नीलम्मा त्यांचीच लेक असल्यामुळं सासरेही तेच. म्हातारा सत्तरीचा, पण दोर हातात धरला की सहाशे फूट खाली मोटार कुठल्या अंगानं अडकलीय ते डोळे मिटून सांगायचा. नियम दोनच. अडकलेल्या मोटारीला आधी ढील द्यायची, मग ओढायचं. नुसतं ओढत बसणाऱ्याच्या हातात दोर येतो, मोटार येत नाही. आणि दुसरा, दोराचं मागचं टोक, म्हणजे शेपूट, जीपला बांधल्याशिवाय ढील द्यायची नाही, कारण मोटार एकदम सुटली तर सगळंच पाताळात जातं. म्हणून ते दर वेळी विचारायचे, "शेपूट बांधलं का?" वीस वर्षांत हजार वेळा विचारलं असेल. सिद्धारामला त्या प्रश्नाचा कंटाळा आला होता, आणि कंटाळलेला माणूस नको तिथं घाण करून ठेवतो.

महिन्यापूर्वी कल्याणप्पाच्या बोअरवर त्यानं ती करून ठेवली. मामांनी विचारलं, "शेपूट बांधलं का?" सिद्धाराम फोनवर बोलत होता. "बांधलं, बांधलं," म्हणाला. बांधलं नव्हतं. मामांनी ढील दिली, मोटार सुटली, त्यांच्या हातातून दोर सळसळत गेला आणि मोटार, पाइप, दोर, सगळं बोअरनं गिळलं. जमलेल्या लोकांनी मामांच्या थरथरत्या हातांकडं बघितलं. सिद्धारामनंही बघितलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मामांच्या हातातनं एकदम सुटलं, त्या झटक्यानं गाठ निघाली."

त्या दिवसापासून मामांनी दोराला हात लावला नाही. व्यंकटच्या टपरीवर गेले तरी "अर्धाच दे रे" म्हणायचे, कारण भरलेला कप हातात हिंदकळतो आणि लोक बघतात. सिद्धाराम तो अर्धा कप रोज बघत होता आणि रोज ठरवत होता, उद्या सांगू. उद्याला काय, रोज एक नवा निघतो.

मार्चातल्या एका दुपारी शंभुलिंगच्या शेतात काम होतं. तूर निघून गेली होती, नुसते खुंट उरले होते. म्हातारा घरात भिंतीकडं बघत बसतो म्हणून नीलम्मानं त्यांना जीपमध्ये घातलं होतं, आणि स्वतःही आली होती. मामा लिंबाखाली डबा सांभाळत बसले. सिद्धाराम घोडा उभा करत होता, तेवढ्यात गावच्या पाण्याच्या टाकीएवढं काहीतरी वरून आलं आणि खुंटांवर अलगद टेकलं. खालून दार उघडलं. आतून तिघं उतरले, गुडघ्याएवढे, बांधलेल्या गाठोड्यासारखे गोल. मधल्याच्या गळ्यात एक डबी होती. ती बोलू लागली.

"समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की, आम्ही अंतराळ बचाव पथक आहोत. तरी कृपया कोणीही पळू नये."

'कृपया' ऐकू आलं तोवर शंभुलिंग दोन बांध ओलांडून गेला होता. झालं होतं असं, की या लोकांनी आठ दिवस वर थांबून आपली भाषा शिकली होती, आणि एवढ्या वरून स्वच्छ ऐकू येत होता तो फक्त ग्रामपंचायतीचा भोंगा.

"आमचा एक कर्मचारी आकाशातील दगडाच्या छिद्रात अडकलेला आहे," डबी पुढं म्हणाली. "त्याच्याकडे दोन तासांची हवा शिल्लक आहे. आम्ही बारा वेळा ओढले. तो अधिकच घट्ट बसला. आपल्या वाहनावर 'कुठेही येऊ' असे जाहीर केलेले आहे. सबब, यावे."

सिद्धारामनं जीपच्या दाराकडं वैऱ्याकडं बघावं तसं बघितलं. सहाशे फूट खाली बिनघोर डोकावणारा हा गडी घराच्या पत्र्यावर चढायलाही घाबरायचा. "ते पेंटरनं लिवलंय हो," तो म्हणाला.

"लिवलंय न्हवं? मग जावा," नीलम्मा म्हणाली. "तिकडं जीव अडकलाय, आन् तुमी पेंटरचं काय घेऊन बसलाव? अप्पा, तुमीबी जावा."

"मी कशाला? माझं हात आता..."

"डबा कोण धरनार मग?"

या बिनतोड मुद्द्यावर मुरुमचं बचाव पथक तयार झालं. एक उंचीला भिणारा, एक दोराला भिणारा आणि एक शेंगाचटणीचा डबा. घोडा, कप्पी, दोर आणि कामाचा नारळ आत चढवला. जीप तिथंच राहिली, ती तशीही सुरू होत नव्हती.

वर जाताना सिद्धारामनं डोळे गच्च मिटून घेतले. मामा मात्र एसटीत शेजारच्याशी बोलावं तसे त्या डबीवाल्या कप्तानाशी बोलत बसले. गाव कुठलं, पाऊसपाणी कसं आहे, सगळं विचारून झालं. शेवटी म्हणाले, "अडकलाय त्यो कोन लागतो तुमचा?"

डबीतून कप्तान म्हणाला, "त्याने मला हे काम शिकवले. आता वय झाले, तू येऊ नकोस, असे मी म्हणालो होतो. त्याने याची नोंद घेतली नाही."

सिद्धारामनं डोळे उघडले. मामा खिडकीबाहेर बघत होते. पुन्हा डोळे मिटायला त्याला जमलं नाही.

तो दगड म्हणजे मुरुमचं शिवार गोळा करून वर भिरकावलं असावं एवढा होता. त्याच्या मधोमध एक सरळसोट भोक. कप्तानानं जहाजाचं उघडं पोट त्या भोकावर टोपली पालथी घालावी तसं घातलं, म्हणजे आतल्या आत हवेत काम करता येईल. वजन मात्र तिथं नावालाच होतं. एक पाऊल टाकलं की माणूस हातभर उडायचा. मामांचं धोतर वर वर यायला लागलं, तेव्हा त्यांनी "अय्यो शिवने" म्हणत ते घट्ट खोचून घेतलं.

सिद्धारामनं सवयीनं नारळ फोडला. पाण्याचे गोळे होऊन हवेत तरंगायला लागले, करवंट्या कप्तानाच्या डोक्यावरून गरगरत गेल्या आणि तिन्ही गाठोडी भिंतीला चिकटली.

"सदर हल्ला कोणत्या कारणास्तव?" डबी ओरडली.

"हल्ला न्हाय, नारळ हाय. कामाला हात घालायच्या आदी फोडतोत आमी," सिद्धाराम म्हणाला. समोरून आलेला एक गोळा मामांनी तोंड उघडून पिऊन टाकला.

गळ आळसटासारखा सावकाश खाली गेला. अडकलेला म्हातारा ज्या लोखंडी घागरीसारख्या यानात बसला होता, त्याच्या कडीत तो चौथ्या खेपेला अडकला. सिद्धारामनं डोळे मिटून दोर चाचपला. काही कळेना. कपडे वाळत घालायची दोरी धरल्यासारखं वाटत होतं. चुकीच्या अंगाला ढील दिली असती तर घागर आणखी रुतली असती, कदाचित फुटलीही असती.

"हवा अर्धा तास शिल्लक," डबी म्हणाली. आवाज तोच भोंग्याचा, पण कप्तान गाठोडं जागच्या जागी थरथरत होतं.

"मामा, तुमी धरा," सिद्धाराम म्हणाला.

मामांनी दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले. "म्या न्हाय. ह्या हातानं कल्याणप्पाची मोटार घालवली. ही मोटार न्हाय बाबा, जीव हाय. माज्या हातातनं सुटला तर?"

सिद्धारामपुढं इथं उद्या नव्हता. पुढं ढकलायला अर्धा तास, तोही दुसऱ्याच्या श्वासाचा.

"मामा, तुमच्या हातातनं न्हाय सुटलं," तो म्हणाला. "म्या शेपूट बांधलंच न्हवतं. फोनवर हुतो. बांधलं म्हनून खोटं सांगितलं, आन् मागनं सगळं तुमच्या हातावर ढकललं."

डबीनं ते इमानदारीनं भाषांतर करून बाकीच्यांना सांगितलं. सगळे सिद्धारामकडं बघायला लागले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांनी खिशातून हात काढले. उलटसुलट करून बघितले, हरवलेली वस्तू सापडावी तसे. "म्हैनाभर?" ते म्हणाले.

"व्हय."

"म्हैनाभर म्या अर्धा च्या पिलो?"

"व्हय मामा."

मामांनी कानाखाली ओढली. चांगली जोरात ओढली, पण त्या बिनवजनाच्या जागी सिद्धाराम एका भिंतीला जाऊन आदळला आणि मामा दुसऱ्या.

"सदर विधी पूर्ण झाला का?" डबीनं अदबीनं विचारलं.

"झाला. दोर आना हिकडं," मामा म्हणाले.

दोर धरायच्या आधी ते स्वतः शेपूट घेऊन तरंगत गेले आणि जहाजाच्या लोखंडी पायाला त्यांनी गाठ मारली. "शेपूट बांधलं का?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. सिद्धारामनं जाऊन गाठ तीनदा ओढून बघितली आणि मग म्हणाला, "बांधलं मामा."

मामांनी दोर धरला, भोकाच्या तोंडाशी सिद्धारामनंही धरला. हात आधी कापत होते तसेच आताही कापत होते, पण डोळे मिटले आणि चेहरा शांत झाला. "उजव्या अंगाला कपार हाय," ते पुटपुटले. "तितं घागरीचा खांदा रुतलाय. डावीकडनं हातभर ढील सोड. हळू. अजून. हां, सुटलं!"

सुटलं ते फारच सुटलं. इतका वेळ ती घागर बाटलीला बूच बसावं तशी बसली होती आणि खाली सगळी पोकळी होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. बूच सैल होताच जहाजातली हवा घोंघावत भोकात शिरली आणि घागर तिच्याबरोबर खाली निघाली. सिद्धारामनं मुरुमच्या सवयीनं टाचा रोवल्या आणि अंगाचा सगळा भार दोरावर टाकला. पण त्याचा ऐंशी किलोंचा भार मुरुमलाच राहिला होता. गडी पाय वर, डोकं खाली, दोराबरोबर भोकाकडं निघाला. त्याच्या पुढून त्याची एक चप्पल गेली, तिच्यामागून शेंगाचटणीचा डबा गेला. आता आपणही जाणार, आणि ती कल्याणप्पाची मोटार आपल्याला शेवटपर्यंत आठवत राहणार, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात दोर खाडकन थांबला. सिद्धारामचं डोकं भोकात होतं, बाकीचा सिद्धाराम बाहेर. शेपूट धरून होतं.

"आता बगत काय बसलास? ओढ!" मागून मामा ओरडले. त्यांचं धोतर गळ्याशी आलं होतं, पण दोर दोन्ही मुठींत होता.

दोघं आणि तिन्ही गाठोडी, पाचही जणांनी मिळून ओढलं. घागर वर आली. कप्तानानं भोकावर झाकण सरकवलं आणि वारा बंद पडला. घागर उघडली तेव्हा आतून त्यांच्यासारखंच, पण राखाडी आणि सुरकुतलेलं गाठोडं बाहेर आलं आणि त्यानं लांब श्वास घेतला. कप्तान त्याला जाऊन बिलगला. डबी बराच वेळ गप्प होती. असल्या गोष्टीची सूचना भोंग्यावर कधी निघालीच नव्हती.

सिद्धाराम तिथंच बसून रडला. कुणी मेलं नव्हतं म्हणून रडला, आणि छातीवरचा महिनाभराचा धोंडा उतरला म्हणूनही. रडू गालावरून ओघळेना, डोळ्यांपुढं गोळे होऊन तरंगत राहिलं, त्यामुळं लपवताही आलं नाही.

राखाडी म्हातारा मामांपाशी आला. त्यानं काहीतरी विचारलं.

"एवढा दोर सुटला, तरी यान तळाशी का गेले नाही, असे ते विचारत आहेत," डबी म्हणाली.

मामांनी जहाजाच्या पायाकडं बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं ती गाठ बघितली, मग कप्तानाकडं वळून मोठ्या आवाजात बराच वेळ बोलला.

"काय म्हनत्यात?" मामांनी विचारलं.

कप्तान खाली बघत होता. डबी हळूच म्हणाली, "हेच मी तुला हजार वेळा सांगितले होते, असे म्हणत आहेत."

दिवस मावळायच्या आत ते शंभुलिंगच्या शेतात उतरले. शंभुलिंग काठ्या घेतलेली आठ माणसं घेऊन बांधापलीकडं उभा होता. सिद्धाराम उतरला तो सरळ जमिनीवर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी तुरीचे खुंट धरून राहिला. नीलम्मानं आधी बापाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं विचारलं, "डबा कुटं हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटच्या टपरीवर कल्याणप्पासकट दहा-बारा जण बसले होते. सिद्धारामनं उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं, "कल्याणप्पा, तुमची मोटार मामांनी न्हाय घालवली. शेपूट बांधायचं काम माजं हुतं. म्या बांधलं न्हवतं." कल्याणप्पानं त्याला दोन शिव्या दिल्या, त्या त्यानं उभ्यानं घेतल्या.

व्यंकटनं सवयीनं मामांपुढं अर्धा कप ठेवला. मामांनी कपात वाकून बघितलं.

"का रं, दूध आटलं का? भर की."

व्यंकटनं काठोकाठ भरला. मामांनी सगळ्यांसमोर तो उचलला. हात कापत होता, थोडा चहा बशीत सांडला, थोडा धोतरावर. कप रिकामा करून त्यांनी बशीतलाही पिऊन टाकला आणि बशी पुढं सरकवली.

"अजून एक," ते म्हणाले. "भरून."