आकड्यापुढचा तारा

मी एक जुना प्रिंटर आहे. एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रक्ततपासणीच्या काउंटरवर मी सतरा वर्षे बसून आहे. कारखान्यात मी पहिली ओळ सरळ छापली, म्हणून मला खोक्यात भरले. इथे माझ्या ठसठशीत अक्षरांचे कौतुक झाले. आता मी करकरतो आणि काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाई मला थापट्या मारून कामाला लावतात.

मित्रांनो, आकडा मर्यादेबाहेर गेला की त्याच्यापुढे तारा छापायचा, हे माझे काम. तो का गेला, हे मला कळत नाही.

एका सकाळी मी छापले: सीए-१२५, १६८, तारा. मर्यादा पस्तीसची. वर ‘शेवटच्या पाळीची तारीख’ या रकान्यात आडवी रेघ होती. रांगेत पुरुष उभे असले की बाई हा प्रश्न विचारत नसत. रेघ ओढून मोकळ्या होत.

अहवाल न्यायला शिवणकाम करणारी एक तरुण बाई आली. तिचे पोट सतत दुखत असे. सोबत नणंद होती. नणंदेने पाकीट तिथेच फोडले, मोबाइलवर शोधले आणि तिचा चेहरा उतरला.

“अगं, ही कॅन्सरची तपासणी आहे! जवळजवळ पाचपट आलंय.”

भावजयीने कागद स्वतःकडे ओढून तारा पाहिला.

“डॉक्टरांना सांगू, गर्भपिशवीसकट सगळं काढून टाका. डोक्यावर टांगती तलवार नको.”

“ताई, मला अजून मूल नाही.”

“आधी तू तर राहा!”

तासाभराने डॉक्टरीणबाई तोच कागद घेऊन खाली आल्या. मागे या दोघी होत्या.

“ही रेघ कोणी ओढली? रक्त दिलं तेव्हा हिची पाळी चालू होती. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ आहे, तीही एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजाराची वाटतेय. या दोन्हींमुळे कॅन्सर नसतानाही हा आकडा चढतो.”

“म्हणजे कॅन्सर नाहीच ना?” नणंदेने विचारले.

“तेही नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. पाळी संपल्यावर पुन्हा तपासू. घाईने काही काढायचं नाही.”

पुढच्या वेळी आकडा ९४ आला. पुन्हा तारा. तो छापताना मी दोनदा अडखळलो, पण खोटे छापणे मला येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी फक्त गाठ काढून तपासायला पाठवली. तो अहवालही माझ्याच काउंटरवर मिळणार होता, म्हणून नणंद रोज येई.

“आला का?”

“आला की मीच ओरडून सांगेन. आता बसा बघू!” बाई म्हणत.

नवव्या दिवशी मी छापले: ‘एंडोमेट्रिओसिस. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.’

नणंदेने कागद तीनदा वाचला, उलटून पाठही पाहिली. “यात कुठे तारा नाही ना?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. नणंद तिथेच बाकावर बसली आणि ढसाढसा रडली. भावजयच तिला पाणी देत होती.

आता बाई रांगेतल्या प्रत्येकीपुढे पाळीची तारीख लिहायला एक चिठ्ठी आणि पेन सरकवतात. रेघ ओढत नाहीत.

लवकरच माझ्या जागी नवा प्रिंटर येईल. तोही तारे छापेल. मित्रांनो, घरी कुणाचा असा कागद आला, तर तो डॉक्टरांसमोर उघडा. आणि ताऱ्याला घाबरण्याआधी वरचा रकाना भरला आहे का, तेवढे बघा.