वाडग्याच्या तळाशी

मनगटाच्या आतल्या बाजूला, शीर उडते तिथे, टोमॅटोचं एक बी चिकटलं होतं आणि शिरेबरोबर तेही हलत होतं, अगदी थोडं, जिवंत असल्यासारखं. होसियतने ते अंगठ्याने पुसलं तर अंगठ्याला आलं. अंगठा डोक्यावरच्या रुमालाला पुसला, आणि मग ते रुमालावर कुठे गेलं ते तिला दिसेना. आपल्याला दिसेना म्हणजे दुसऱ्याला नक्की दिसणार.

ती तंदूरच्या मागे, पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली होती. मांडीत वाडगा. वाडग्यातलं सगळं संपलं होतं, कांद्याची एक पाकळी आणि तळाशी गुलाबी रस तेवढा उरला होता, मिरची आणि सब्ज्याच्या पानांचा वास असलेला. तो रस ती पीत नसे. खायची सगळं, अगदी बोटं चाटून, पण रसाला तोंड लावत नसे; शेजारच्या रोपाच्या बुडाशी ओतून द्यायची. या घरात अचिचूकचा, म्हणजे टोमॅटो-कांद्याच्या कोशिंबिरीचा, तळाचा रस पुरुषाचा. आधी सासरा प्यायचा, मग तिचा नवरा तुर्दाली पिऊ लागला—दोन्ही हातांनी वाडगा उचलायचा, डोळे मिटायचा, आणि मिशा पुसत म्हणायचा, “आता जेवलो.” म्हणजे मी खाल्लं खरं, पण त्याचा वाटा त्याचाच राहिला... रस ओतताना तिला रोज असं वाटायचं, आणि उठून घराकडे चालायला लागली की वाटायचं, कुणाला फसवतेस, म्हातारे.

हिवाळ्यात तुर्दालीची मूत्रपिंडं बसली. वसंतात त्याने पलंगावरून सांगितलं तशी तिने रोपं लावली—किती खोल, किती अंतरावर, पाट कुठून फोडायचा. बी त्याच्याच घरचं, मोठ्या गुलाबी टोमॅटोचं, हातात धरला तर दुसरं काही धरता येत नाही असल्या. रोपांना फुलं आली आणि त्याच सुमाराला जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं: टोमॅटो बंद. जर्दाळू बंद, खरबूज बंद, पण टोमॅटो आधी. एक फोडसुद्धा नको, काळीज थांबेल. घरी येताना वाटेत बाजार आला तेव्हा तुर्दालीने मान दुसऱ्या बाजूला वळवली.

म्हणून पहिला टोमॅटो लाल झाला त्या दिवशी ती त्याला म्हणाली, “यंदा कीड लागली हो. काही हाती येत नाही.” तो “हं” म्हणाला. त्याच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे. तिच्यातून उंच सफेद्याची झाडं दिसत, परस दिसत नसे. उन्हाळा असूनही त्याला आता थंडी वाजायची, अंगणात निजणं सुटलं होतं. खोटं पचलं. आणि ते त्याच्यासाठी बोलले होते मी, माझ्या जिभेसाठी नाही, अल्लाला माहीत आहे... पण पिकलेली फळं रोपावर सडू देणं हेही पापच ना. तिने एक खाल्ला. मग रोज.

खोटं तिला एवढं बोचत नव्हतं. बोचत होतं ते तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. तुर्दालीला कांदा इतका पातळ लागायचा की त्यातून उजेड दिसावा, गार पाण्यात चोळून धुतलेला. टोमॅटो फळीवर नाही, तळहातावर धरून कापायचा, कागदासारखा. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यापासून वाडगा समोर ठेवला की तो बघायचा आणि म्हणायचा, “जाड झाला.” रागाने नव्हे, “आज वारा आहे” म्हणावं तसं. आणि ती आणखी पातळ कापायची, तळहातावर सुरीच्या रेघा उमटेपर्यंत. या उन्हाळ्यात तंदूरमागे बसून तिने पहिल्यांदा टोमॅटो जाड कापला, जवळजवळ तोडलाच. कांदा नावाला, मीठ बेताचं. आणि चावल्यावर तो तोंडात मांसासारखा भरला, रस कोपरापर्यंत गेला, आणि तिला हसू आलं. एकटीला. इतका चांगला टोमॅटो तिने जन्मात खाल्ला नव्हता. घरात आजारी नवरा नसता तर हे कळलंच नसतं... हा विचार आला की ती उठायची आणि हात राखेने घासायची, बोटांना येणारा तो हिरवा कडवट वास जाईपर्यंत. तो जात नसे.

आजही तिने रस रोपाच्या बुडाशी ओतला, हात घासले, आणि आत गेली.

“कुठे होतीस?”

“पाटाला पाणी आलं होतं.”

तुर्दालीने तिच्या रुमालाकडे पाहिलं. ती चहा करायला वळली तेवढ्यात दारातून आवाज आला. शेजारची इनोबत. हिच्या तोंडाला दार नाही, असं गल्ली म्हणते, आणि सर्वांत आधी ती स्वतः म्हणते.

“सलाम, तुर्दाली अका. अजून पलंगावरच? मग पाण्याच्या पाळीची भांडणं कोण सोडवणार? सगळी गल्ली एकमेकांच्या झिंज्या उपटतेय.”

“उपटू दे. टक्कल पडलं की आपोआप थांबतील.”

इनोबत हसली, पलंगाच्या पायथ्याशी बसली. “आपा, चहा नको हं मला. बरं, अर्धा पियाला द्या. अका, खरं सांगू, तुमचे टोमॅटो खाल्ल्यापासून माझी सासू मला बोलायची थांबलीय. तोंड भरलेलं असतं ना तिचं. विचारत होती, आळ्यात साखर ओततात का हे लोक.”

होसियतच्या हातात किटली होती. ती तशीच राहिली.

गेल्या आठवड्यात इनोबतने सामोसे पाठवले होते. शेजारची ताटली रिकामी परत जात नाही. रिकामी गेली तर घराची बरकत तिच्यावर बसून जाते. घरात त्या दिवशी कणकेशिवाय काही नव्हतं. होसियतने ताटली कितीतरी वेळ धरून ठेवली होती, मग परसात जाऊन भरली, वर फडकं घातलं. ताटलीबद्दल तिने सगळा विचार केला होता. इनोबतच्या तोंडाबद्दल केला नव्हता.

“कुंपणावरून बघते ना रोज मी,” इनोबत सांगत होती, “रोपं वाकलीत नुसती. तंदूरमागचं एकच तेवढं पिवळं पडलंय. कडा जळल्यासारख्या. बाकी दृष्ट काढावी अशी.”

तुर्दालीने उशीवर डोकं थोडं वर घेतलं.

“हो,” तो म्हणाला. “यंदा बरे आलेत. जुनं बी आहे.”

इनोबत चहा पिऊन, गल्लीतली दोन लग्नं जुळवून आणि एक मोडून निघून गेली. होसियतने पियाला धुतला. मग धुतलेला पियाला पुन्हा धुतला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला सांगता येतं, तुमच्यासाठीच केलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या आठवा. पण त्याने परक्या बाईसमोर तिचं खोटं आपल्या अंगावर घेतलं होतं. आता ते सगळं उन्हाळाभराचं, बादलीवर बसून एकटीने हसल्याचंसुद्धा, त्याच्या पलंगावर त्याच्या शेजारी पडलेलं होतं.

“त्या रोपाच्या बुडाशी काय ओततेस?” त्याने आतून विचारलं.

ती दारात आली. “काही नाही.”

“होसियत.”

“...रस. वाडग्यातला.”

“मिठाचा?”

“मिठाचा.”

“रोज एकाच रोपाला?”

तिने मान डोलावली. तो छताकडे बघत राहिला. मग त्याच्या मिशा किंचित हलल्या. “मला नको म्हणून रोपाला पाजतेस. मारलंस ना त्याला.”

“तुम्हाला वास यायचा?”

“पहिल्या दिवसापासून. राखेने हात घासून टोमॅटोचा वास गेला असता तर मी जन्मभर मुल्लासारखा पाक राहिलो असतो.” तो दमला, थांबला. “जा. एक आण. इथे काप.”

“नको हो. काळीज थांबेल म्हणाल्या त्या.”

“खायला नको म्हणाल्या. बघायला नको म्हणाल्या का?”

ती परसात गेली. सर्वांत मोठा बघून तोडला, मग तो परत रोपाला लावता येईना म्हणून तोच आणला. पलंगापासून लांब, त्याचा हात पोचणार नाही अशी, खाली गालिच्यावर बसली. त्याने ते अंतर पाहिलं. तिनेही पाहिलं. कांदा, मिरची, मीठ घातलेला वाडगा मांडीत घेतला, टोमॅटो तळहातावर धरला, सुरी टेकवली. पातळ कापायचा होता. एवढ्या वर्षांचा हात, त्याला सांगावं लागत नाही... पण सुरी दोन बोटं मागे सरकली आणि फोड जाड पडली. दुसरीही. तिला वाटलं, आता म्हणेल. तिला फार वाटत होतं की त्याने म्हणावं.

तुर्दाली वाडग्याकडे बघत होता.

“तुला असा आवडतो?”

हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तिनेही कधी स्वतःला विचारलं नव्हतं, या उन्हाळ्यापर्यंत. नाही म्हणणं सोपं होतं.

“हो,” ती म्हणाली.

तो “हं” म्हणाला. कीड लागली सांगितलं तेव्हा म्हणाला होता तसाच. ती खाऊ लागली. मनात एकच होतं, चव लागू नये, त्याच्यासमोर तरी घास मातीसारखा लागावा. चव लागली. तंदूरमागे लागायची तितकीच. तिने घास गिळला की त्याचा कंठमणी खालीवर व्हायचा आणि रजईवरचा त्याचा हात एक घडी पुन्हा पुन्हा सपाट करायचा.

फोडी संपल्या. तळाशी रस साचला होता.

“आता टाकू नकोस,” तो म्हणाला. “पी.”

“तो तुमचा आहे.”

“म्हणूनच सांगतोय.”

तिने दोन्ही हातांनी वाडगा उचलला. खारट, गोड, मिरचीचा जाळ मागून आला, आणि वाडग्याच्या आतल्या त्या लाल काळोखात, न बोलावता, तिला पुढचा उन्हाळा दिसला. आजपर्यंत तो दिसायला नको म्हणून ती जपत आली होती. त्यात परस होतं, वाकलेली रोपं होती, अंगणात बसलेली ती होती, उघड, तंदूरपुढे, आणि फोडी जाड होत्या. दुसरं कुणी नव्हतं.

वाडगा रिकामा झाला होता. तिने तो तोंडावरून खाली घेतला नाही. पलीकडून तुर्दाली वाट बघत होता, तिने मिशा नसलेले ओठ पुसून त्याचे ते जेवणानंतरचे दोन शब्द म्हणावेत म्हणून.