फुलांचा शिफ्ट रिपोर्ट

मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी दीपमाला नाशिकला निघाली, तेव्हा ज्योतीरामने गॅसचं बुकिंग, दुधाचा रतीब, पाण्याची वेळ असं सगळं लक्ष देऊन ऐकल्यासारखं केलं. डोक्यात राहिली ती एकच सूचना, कारण ती सांगताना बायकोने त्याचा हात धरला होता.

"टेरेसवरच्या पाच कुंड्या," ती म्हणाली. "मातीत बोट घालून बघायचं. कोरडी लागली तरच पाणी. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही. तुम्हाला सुधारणा करायची खोड आहे, म्हणून बजावतेय."

कुंड्यांत मँडेविलाचे वेल होते. ही ठेंगणी जात, कमरेच्या फार वर न जाणारी. पानं जाड, चकचकीत, आणि फुलं कर्ण्यासारखी, गडद गुलाबी. चऱ्होलीतल्या त्यांच्या सहाव्या मजल्यावर दिवसभर ऊन असतं आणि वेलांना तेच हवं असतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या छबूबाई रोज आपल्या गॅलरीतून फुलं बघत बसत. सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांचीच होती, त्यामुळे इथे काय उगवतं यावर त्यांची नजर असणं ओघानेच आलं.

एकतीस वर्षांच्या संसारात ज्योतीरामने घरातलं एकही काम अंगावर घेऊन तडीस नेलं नव्हतं. चाकणच्या कंपनीत तो मशीन शॉपचा सुपरवायझर होता आणि तिथे त्याच्या नावाने माणसं सरळ उभी राहत. घरी मात्र तो "बघतो" म्हणायचा आणि शिफ्टला निघून जायचा. पोरीची शाळा, आईचं दुखणं, बापाचे दिवस, सगळं दीपमालाने निभावलं. आता रिटायर होऊन चार महिने झाले होते. बायकोने एकदा, फक्त एकदा, "केलंत हं नीट" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने काहीही न करणं पुरेसं होतं. गड्याला नेमकं तेच जमत नाही.

तीन दिवस त्याने इमानेइतबारे बोट घातलं. चौथ्या दिवशी त्याला दिसलं, की वेल वाकडेतिकडे वाढलेत. एकाचा शेंडा रेलिंगवर, दुसऱ्याचा कपडे वाळत घालायच्या दोरीवर. असा पसारा मशीन शॉपमध्ये कुणी घातला असता तर ज्योतीरामने त्याची खरडपट्टी काढली असती. त्याने कात्री घेतली, मोजपट्टी घेतली आणि पाचही वेलांचे शेंडे एका रेषेत आणले. कापलेल्या जागी पांढरा चीक आला. तो त्याने फडक्याने पुसला. मग मोशीहून युरिया आणला. चमचाभर पुरतो असं दुकानदार म्हणाला होता. ज्योतीरामने दोन दोन चमचे घातले, कारण दुकानदाराला काय कळतंय.

या वेलाला फूल नव्या शेंड्यावरच येतं आणि युरियाने नुसती पानं सुटतात, हे त्याला पुढे कळलं. त्या दिवशी खालच्या फांदीवर चुकून वाचलेल्या तीन कळ्या तेवढ्या उरल्या होत्या.

संध्याकाळी साडेसहाला फोन आला. "आज किती फुलं?"

कंपनीत महिनाअखेरीला मशीनवर अर्धवट असलेले जॉब, म्हणजे सुटे भागही, तयार म्हणून रिपोर्टात चढत. दुसऱ्या दिवशी सकाळी घाई करून पुरे केले की झालं. तीस वर्षांत कुणाचं काही अडलं नव्हतं.

"तीन," ज्योतीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. आता कालची तीन उभी करायची होती आणि आजची वेगळी. पण ज्याने एकदा आकडा वर दाखवलाय त्याला खाली येता येत नाही, हे सुपरवायझरला शिकवावं लागत नाही. तो म्हणाला, "पाच."

मग हे सुरूच झालं. सात, अकरा, चौदा. नुसता आकडा पोकळ वाटतो म्हणून तो जोडीला तपशील द्यायचा. कोणत्या कुंडीत किती, कुठलं फूल कालचं, कुठल्यावर फुलपाखरू बसलं. पूर्वी त्याचे फोन "जेवलीस का? बरं. ठेवतो" एवढ्यात आटपायचे. आता अर्धा अर्धा तास जाऊ लागला. मधे पोरीची तब्येत निघे, मोठ्या नातवाचे हट्ट निघत, तोंडली चिरायची कशी हेही निघे, पण मुख्य विषय फुलं. ज्योतीराम हे सगळं त्या पालकासारख्या हिरव्यागार, ठार वांझ वेलांकडे तोंड करून सांगायचा, म्हणजे निदान जागा तरी खरी असावी.

एकदा ती म्हणाली, "एक फोटो पाठवा की."

तो डुडुळगावच्या नर्सरीत गेला, तिथल्या फुललेल्या मँडेविलाचा फोटो काढला आणि पाठवला. पाठवल्यावर दिसलं, की कुंडीवर किमतीची चिठ्ठी होती.

"छान," दीपमाला फोनवर म्हणाली. "कुंडी बदललीत वाटतं?"

"जुनी उन्हाने तडकली," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नर्सरीत जाऊन तशीच कुंडी घेऊन आला आणि एक वेल तिच्यात हलवला. धडधाकट जुनी कुंडी फोडायला त्याचा हात धजेना. ती त्याने पलंगाखाली सरकवली. साठ वर्षांचा बाप्या, आणि पलंगाखाली कुंडी लपवतोय. त्याला स्वतःचंच हसू आलं आणि मग आलं नाही.

मेच्या मध्यावर आकडा एकेचाळीसवर गेला होता आणि टेरेसवर फूल एकही नव्हतं. दीपमाला दोन दिवसांनी येणार होती. ज्योतीराम तिसऱ्यांदा नर्सरीत गेला आणि फुललेल्या पाच कुंड्या रिक्षात चढवल्या. रिक्षावाल्याने मीटर टाकला. तेव्हा त्याच्या मनात आलं, की "केलंत हं नीट" हे आता बायको म्हणेल, पण ते नर्सरीवाल्याला म्हटलेलं असेल. एकतीस वर्षं वाट पाहून मिळणार तेही दुसऱ्याचं. त्याने पाचही कुंड्या उतरवल्या. रिक्षावाल्याने काय म्हणायचं ते म्हटलं, आणि ते चूक नव्हतं.

दीपमाला आली. बॅग ठेवून थेट टेरेसवर गेली. ज्योतीराम मागोमाग जाऊन दारात उभा राहिला.

"फुलं नाहीत," तो म्हणाला. "कधीच नव्हती. पहिल्या आठवड्यात मीच शेंडे कापले. वरून युरिया घातला. रोज खोटं सांगितलं. फोटो नर्सरीतला होता."

"माहीत आहे," ती वाकून पानं बघत म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"छबूबाईंनी कळवलं होतं."

शेजारच्या गॅलरीतून छबूबाईंचा आवाज आला. "व्हय, म्याच सांगितलं. म्हनलं, तुजा मालक येलाची हजामत करतोय. मोजपट्टी लावून करतोय. रोजचा फोटू धाडत व्हते मी. आमी जमीन कसलेली मानसं, आमाला बघवंना."

सत्तर दिवस ज्योतीरामने रंगवून सांगितलेलं एकेक फूल बायकोने फोटोतल्या नुसत्या पानांशी ताडून ऐकलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

दीपमाला खुर्चीत बसली. प्रवासाने ती दमली होती आणि तिला आडवळणाने बोलण्याचा कंटाळा आला होता. "बोलले असते तर तुम्ही फोन ठेवला असता. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याशी सलग अर्धा तास कधी बोललात? मी पोरीला म्हणायचे, बाळाला घे, साडेसहा वाजले, यांचा फोन आहे. फुलं नाहीत हे मला ठाऊक होतं. पण सांगत तर होतात ना."

छबूबाई खुर्ची सरकवून आत निघून गेल्या. इतकी समज त्यांना होती.

ज्योतीराम बायकोशेजारी बसला. खाली मुलं सायकली फिरवत होती.

"आता फुलं नाहीत," ती म्हणाली. "आता काय सांगाल?"

त्याने खूप शोधलं. कारखान्यातलं काही आठवेना, फुलपाखरू लावता येईना. घसा खाकरून झाला, चष्मा पुसून झाला.

"तू नव्हतीस, तर घर खायला उठायचं," तो म्हणाला.

दीपमालाने त्याच्याकडे पाहिलं. ज्योतीरामने आयुष्यात पहिल्यांदाच रिपोर्टात होता त्यापेक्षा आकडा कमी दाखवला होता, आणि ते तिला कळलं.